जायची दोन तिकिटं, यायचं एक

चांगलं काम करायला निघालेल्या माणसांच्या अंगाला किस्से गोचिडासारखे चिकटतात. काम एक दिवस संपतं, किस्से काही सुटत नाहीत. आमच्या जालन्याच्या कमिटीत माणसं फक्त चार, पण किस्से चाळीस जणांना वाटून उरतील! त्यातले अर्धे मी फुगवून सांगतो, असं आमचा खंडू हमाल म्हणतो. त्याचं ऐकू नका. त्याचे तर मी कमी करून सांगतो.

निजामाचं राज्य होतं तेव्हाचं हे. मी जालना स्टेशनावर तिकिटाच्या खिडकीत बसायचो. पावसानं ओढ दिली की आमच्या भागात परमुलखातले नवरदेव उगवायचे. बोलणं अगदी गोड. "हुंडा नको, मानपान नको, उलट सगळा खर्चा आमचा. फक्त मुलगी द्या." सकाळी मारुतीच्या देवळात लग्न लागायचं, दुपारच्या गाडीनं मनमाड. मनमाडपासून इंग्रजांचा मुलूख. तिथं गेलेल्या मुलीचं पत्र येत नसे. येणार कुठून? ती एका हातातून दुसऱ्या हातात विकली गेलेली असायची.

टेंभुर्णीच्या कोंडाबाईची चंद्री अशीच गेली. वर्षभर खबर नाही, म्हणून कोंडाबाई जालन्याला आली आणि पहिल्यांदा माझ्या खिडकीशी उभी राहिली.

"बाबू, माझ्या चंद्रीचं तिकीट तुमीच दिल्तं का?"

मीच दिल्तं. चांगलं आठवत होतं. नवरदेवानं जायची दोन तिकिटं घेतल्ती आणि यायचं एक. मला वाटलं, माणूस काटकसरी दिसतो.

मग ती खंडू हमालाकडं गेली. ट्रंक त्यानं उचलल्ती. हलीमाबी मणियारणीकडं गेली. लग्नाचा हिरवा चुडा हलीमाबीनं भरल्ता. नारायणराव वकिलांकडं गेली. लग्नाचा कागद त्यांनी लिहून दिल्ता, उर्दूत, आणि अक्षर फार सुंदर काढल्तं.

कोंडाबाई कुणावर ओरडली नाही. चौघांना एका जागी उभं केलं आणि म्हणाली, "तुमी चौघांनी मिळून पाठवली. मंग मी एकटीनं कशी आणावी?"

झाली आमची कमिटी स्थापन! गुन्ह्याला हातभार लावलेल्यांची, त्याची मजुरीही घेतलेल्यांची, आणि बाहेरचा एकही सभासद नसलेली अशी कमिटी दुसरीकडं असेल तर मला दाखवा.

तेव्हापासून कोंडाबाई दर बाजाराच्या दिवशी यायची. फलाटावरच्या नळापाशी बसायची. मनमाडची गाडी आली, रिकामी झाली, की उठून चालू लागायची. आम्हाला काही विचारायची नाही. त्याचाच त्रास जास्त व्हायचा.

*

पहिलं काम म्हणजे लोकांना सांगणं. सांगायला सभा पाहिजे, आणि सभेला त्या काळी सरकारची परवानगी पाहिजे. वकीलसाहेबांनी अर्ज केला. विषय : "परमुलखातील फसवी लग्ने."

कचेरीतून सवाल आले. श्रोते किती असतील? त्यात बायका किती? वक्ता कोणत्या सुरात बोलेल? वकीलसाहेबांनी सगळ्यांची उत्तरं दिली. सुराच्या पुढं त्यांनी "मध्यम" लिहिलं.

पाच महिन्यांनी परवानगी आली. सरकारी भाषेत सभेला जलसा म्हणत. "जलसा भरवण्यास हरकत नाही. मात्र सदर विषयावर कोणीही बोलू नये."

मी म्हणालो, "आता काय करायचं?"

वकीलसाहेब कायद्याचे मोठे भक्त. म्हणाले, "काय करायचं म्हणजे? परवानगी मिळाली आहे. जलसा होणार!"

बाजारात रॉकेलचा खोका ठेवला. वकीलसाहेब काळा कोट घालून त्यावर चढले आणि तोंड मिटून उभे राहिले. शेजारी दोन पोलीस, भाषण लिहून घ्यायला. पहिल्या पाच मिनिटांत चार माणसं जमली. पाव तासात बाजार लोटला.

"वकील बोलंना का?"

"बोलायला बंदी हाय," खंडू म्हणायचा.

"कशावर?"

मग खंडू वाकून ज्याच्या त्याच्या कानात सांगायचा. एवढ्या मोठ्या देहाचा माणूस कानात सांगतोय म्हटल्यावर गोष्ट खोटी कशी असेल? संध्याकाळच्या आत ती टेंभुर्णीपासून बदनापूरपर्यंत पोचली. अर्ध्या तासानं वकीलसाहेबांनी हात जोडले आणि खाली उतरले. पोलिसांनी रिपोर्ट केला : "वक्त्याने आक्षेपार्ह असे काहीही म्हटले नाही."

पुढं वकीलसाहेबांनी पुष्कळ भाषणं केली. तेवढा परिणाम एकाचाही झाला नाही. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, तर म्हणाल्या, "इतक्या वर्षांत तुमचं बोलणं मला पहिल्यांदा पटलं!"

*

त्या जलशानं एक झालं. गावोगावच्या मणियारणी बांगड्या भरायच्या आधी विचारू लागल्या, "दूल्हा कौन? गाव कौन? बाप कौन?" नवरदेवांना हे परवडेना. ते मणियारणीला टाळू लागले आणि बाजारातून अंदाजानं बांगड्या आणून मुलीच्या हातात सरकवू लागले.

इथं हलीमाबीचं डोकं चाललं. ती फलाटावर टोपली घेऊन बसायची आणि चेहऱ्याकडं कुणाच्या बघायचीच नाही.

"चेहरा क्या देखना बाबू? चेहरा झूठ बोलता. कलाई देखो. लगनाचा चुडा आमी भरतो. हात दाबून, मुरडून, पोर रडंपर्यंत. मंग बांगडी मापात बसती. ज्या नवरीच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरू राह्यल्या, तिचं लगन झूठ!"

एकदा दुपारच्या गाडीत अशी एक नवरी चढायला आली. हात वर केला की बांगड्या खळकन खाली. हलीमाबीनं मला डोळ्यानं खूण केली आणि मुलीचा हातच धरला.

"बेटी, चुडा ढिला है. अपशकुन! बैठ, मापाचा भरून देते. पैसे नक्को."

नवरदेव म्हणाला, "गाडी छूट जाएगी!"

"हौ जी, दो मिनट."

तिनं सगळ्यात लहान मापाची बांगडी काढली आणि बरोबर अंगठ्याच्या हाडापर्यंत आणून सोडली. पुढं जाईना, मागं येईना. गार्डानं शिट्टी वाजवली. हलीमाबी कडाडली, "अधूरी बांगडी लेके बच्ची उठेगी? तुझ्या घरी बायको हाय का न्हाई रे?"

गार्डाच्या घरी बायको होती. नुसती नव्हती, भारी होती. त्यानं झेंडी खाली घेतली.

अकरा मिनिटं गाडी उभी! तेवढ्यात खंडू नवरदेवाच्या मागं जाऊन उभा राहिला. त्याची सावली अंगावर पडल्यावर नवरदेवानं मागं वळून पाहिलं, मग रुळाकडं पाहिलं, आणि पलीकडच्या बाजूनं उडी टाकून पसार झाला. मुलगी वाचली. बांगडी मात्र साबण लावून काढावी लागली.

आता गाडीला उशीर का झाला ते रजिस्टरात लिहिणं भाग होतं. छापील रकाने तीनच : इंजिनाचा दोष, सिग्नलचा दोष, जनावर आडवं आलं. बांगडीचा रकाना नाही. आमच्या मास्तरांनी क्षणभर विचार केला आणि 'जनावर आडवं आलं' ह्यावर खूण केली.

नवरदेव पाहिला असल्यामुळं मीही सही केली.

*

खंडूची तऱ्हा वेगळी. त्याला बांगड्यांमधलं काही कळत नसे. तो संशयित माणसाची ट्रंक डोक्यावर घ्यायचा आणि गाडीकडं जायच्या ऐवजी उलटा, स्टेशनाच्या बाहेर चालू लागायचा!

"माझा साधा हिशोब हाय," तो म्हणायचा. "खरा भाऊ, खरा बाप असंल तर पोरीचा हात धरून माझ्यामागं पळंल. विकणारा असंल तर पोरीला तिथंच टाकून ट्रंकेमागं पळंल."

आणि खरंच तसं व्हायचं. नवरदेव ओरडत ट्रंकेमागं जायचा, इकडं आम्ही मुलीला बाजूला घेऊन विचारायचो, "बाई, तुझ्या गावाचं नाव काय? तुला कुठं नेऊ राह्यलेत ते ठाऊक हाय का?" बहुतेकींना ठाऊक नसायचं.

एकदा मात्र घोटाळा झाला. खंडूनं ट्रंक पळवली, माणूस बायकोला टाकून ट्रंकेमागं धावला, आणि आम्ही त्याला धरला. चौकशीत कळलं, जोडपं खरं. लग्नाला बारा वर्षं झाल्ती. वकीलसाहेबांनी त्या बाईची माफी मागितली आणि तिचा नवरा तिच्या हवाली केला.

बाई म्हणाली, "असू द्या. तुमीच ठिवून घ्या त्याला."

*

ह्याहून मोठी चूकही आमच्या हातून झाली, तीही सांगतो. एकदा हलीमाबीला अशा ढिल्या बांगड्या दिसल्या की तिनं थेट आरोळीच ठोकली. आम्ही आख्खं वऱ्हाड अडवलं. चाळीस माणसं, वाजंत्री, सगळ्यांना फलाटावर बसवलं. नवरी बिचारी रडू लागली.

तिला महिनाभर हिवताप येऊन गेल्ता. वाळून काडी झाल्ती. बांगड्या मापाच्याच होत्या, मनगट उरलं नव्हतं. आणि नवरदेव अमीनसाहेबांचा सख्खा भाचा निघाला! अमीन म्हणजे आपला फौजदार.

आम्ही चौघं दिवसभर कोतवालीच्या ओट्यावर. हलीमाबी तेवढ्यात आत जाऊन अमीनसाहेबांच्या बायकोला बांगड्या भरून आली. त्यामुळं संध्याकाळी सुटलो. अमीनसाहेबांनी ताकीद दिली, "आइंदा किसी को पकड़ने से पहले पूछो! सीधा पूछो! समझे?"

खंडू म्हणाला, "बिलकुल, साहेब."

दुसऱ्या दिवशीपासून तो प्रत्येक बाप्याला विचारू लागला, "हिला विकायला चालले का?"

तिसऱ्या दिवशी त्यानं हे एका मोठ्या न्यायाधीशांना विचारलं. बरोबर त्यांच्या मातोश्री होत्या.

*

सोडवलेल्या मुली ठेवायच्या कुठं, हा प्रश्न भाषणात कुणी काढत नाही. पहिली मुलगी वकीलसाहेबांनी घरी नेली, दोन दिवसांपुरती. मग दुसरी आली. मग एकदम दोघी. अर्ध्या वर्षात वकीलसाहेब कायद्याच्या पुस्तकांसकट ओसरीवर झोपू लागले. पक्षकार येऊन बाहेरच्या बाहेर चौकशी करायचे, "वकिलांचं घर जप्त झालंय का?"

वहिनी आतून म्हणायच्या, "काम ह्यांचं, नाव ह्यांचं, भाकरी माझ्या. होऊ द्या!"

बांगडीमुळं जी मुलगी वाचली, तिचा बाप एकदा आला. ओसरीच्या कडेला टेकला. म्हणाला, "पोर सुखरूप हाय, लई उपकार झाले. पण घरी नेता येत न्हाई, वहिनीसाहेब. घरी आणखी दोन हायत. हिला नेली तर त्यांची लग्नं व्हायची न्हाईत. लोकं नाव ठिवतील."

वहिनी भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मंग त्या दोघींनाबी उद्या घेऊन या. एकदमच जागा करते. तिघी हितंच ऱ्हातील. तुमी दोघं नवराबायको अन् ती लोकं, तिकडं मजेत ऱ्हावा."

तो वाढलं ते जेवला. हात धुतले आणि मुलीला म्हणाला, "चल गं. तुझी माय वाट पाहत असंल."

वहिनींनी त्या दोघांना शिदोरी बांधून दिली. वकीलसाहेबांना वाटलं, आता आत झोपायला मिळेल. त्याच संध्याकाळी हलीमाबी आणखी एकीला घेऊन आली.

*

आता चंद्रीचं.

दोन वर्षं होत आल्ती. आम्ही पुष्कळ मुली उतरवून घेतल्या, पण चंद्रीचा पत्ता लागत नव्हता. तिच्या नवरदेवाची मात्र वकीलसाहेबांनी फाईल तयार केल्ती. नऊ गावं, नऊ नावं, नऊ लग्नं, मिशी एकच. फाईल घेऊन आम्ही अमीनसाहेबांकडं गेलो. कोंडाबाईही बरोबर होती.

अमीनसाहेब म्हणाले, "शादी की है. मर्द अपनी औरत को ले गया. इसमें जुर्म क्या?"

"साहेब, नऊ बायका!" वकीलसाहेब म्हणाले.

"हिम्मतवाला आदमी है."

कोंडाबाईनं विचारलं, "मंग साहेब, त्यो माझा जावई हाय, हे सरकारला मान्य हाय?"

"बिलकुल!"

"बराबर," ती म्हणाली, आणि निघाली.

पुढं धोंड्याचा महिना लागला. अधिक महिना हो, तीन वर्षांनी एकदा येतो तो. एका दुपारी मनमाडच्या गाडीतून चंद्री उतरली! अंगानं नुसती काडी, पण ताठ. मागं तो नवरदेव, नवा कोट घालून. मी हातातली तिकिटं खाली पाडली.

ती जवळून जाताना हळूच म्हणाली, "बाबू, वळख देऊ नका. जावई आणलाय."

झालं होतं असं. तिसऱ्या घरी विकल्यावर तिथं तो आणखी एका मुलीला घेऊन आल्ता. चंद्रीनं त्याला गाठून सांगितलं, "आमच्याकडं धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावतात. गोडधोड करतात, चांदीचं ताट देतात. शिवाय माझ्या मावशीच्या दोन पोरी लग्नाच्या हायत. पाहून घे." त्यानं मालकाला दहा दिवसांत तिला परत आणायचा वायदा केला आणि आपल्या पायानं आला. लोभी माणसाला वाट दाखवावी लागत नाही, नुसतं ताट दाखवावं लागतं.

खंडूनं त्याची ट्रंक उचलली आणि ह्या वेळेस सरळ टेंभुर्णीच्या बैलगाडीत ठेवली. मी रजा टाकली. वकीलसाहेबांनी दौत-लेखणी घेतली. हलीमाबी टोपली घेऊन उरलेल्या आठ गावांच्या वाटेला लागली. बांगड्या भरता भरता प्रत्येक गावात एकच निरोप : "जावई आया है बोलो उस की सास को."

कोंडाबाईनं जावयाला पाटावर बसवलं. धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे द्यायची रीत आहे. एरवी जावई त्यातले दोन-चार खातो आणि उरलेले बांधून घरी नेतो. बांधून द्यायची रीत टेंभुर्णीतही आहे. त्या वर्षी ती कुणाला आठवली नाही.

पहिल्या दिवशी त्यानं आवडीनं खाल्ले. चंद्री स्वतः वाढत होती. "बस, बस," तो म्हणाला.

"खा की," चंद्री म्हणाली. "तिकडं मला दिसाला एक भाकर असायची. तवा तू बस म्हणला न्हाईस."

दुसऱ्या दिवशी पाटलाच्या घरी तेहतीस. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, निघतो. पाटील म्हणाले, "धोंड्याच्या महिन्यात जावई उपाशी गेला तर गावाला पाप." दारात दोन पैलवान बसवले. मानासाठी.

कुणी त्याला बोट लावलं नाही. शिवी दिली नाही. सगळं गाव त्याला 'जावईबापू' म्हणत होतं.

आणि चौथ्या दिवशी सासवा यायला लागल्या. आठ गावांच्या आठ. कुणी गाडीनं, कुणी पायी. प्रत्येकीच्या हातात झाकलेलं ताट. पहिली भोकरदनकडची, सखूची आई. तिनं ताट पुढं सरकवलं आणि पंख्यानं वारा घालू लागली.

"खा, जावईबापू. आमची सखू कुठं हाय?"

"मालूम नहीं."

"मंग खा."

त्यानं सहा खाल्ले. घाम फुटला.

"आमची सखू कुठं हाय?"

"मौसी, सच्ची मालूम नहीं!"

"मंग खा."

अकराव्या अनारशाला त्याला सगळं आठवलं. शहर, गल्ली, घरमालकाचं नाव, दारापुढचं लिंबाचं झाड. भिंतीआड बसून वकीलसाहेब लिहून घेत होते. सखूची आई उठली आणि ताट उचलून घेऊन गेली. त्याला वाटलं सुटलो. तोवर दुसरी बसली होती.

सात सासवांची सात ताटं अशी आली आणि गेली. पाचवीपासून तर तो ताट पाहूनच पत्ते सांगू लागला. पुढं त्या पत्त्यांवर वकीलसाहेब आणि खंडू जाऊन आले. सखू आली. आणखी चौघी आल्या. दोघींना तिथून हलवलं होतं. त्यांना शोधायला पुढं वर्ष गेलं, पण त्याही आल्या.

आठवी होती राजूरकडची. पारूची आई. तिनं ताट ठेवलं. "जावईबापू, आमची पारू कुठं हाय?"

तो खाली मान घालून म्हणाला, "वो पिछली सर्दी में गुजर गई."

सगळ्यांना वाटलं, ती आता रडेल. ती रडली नाही. ताटावर बसलेली माशी तिनं पंख्यानं हाकलली. ताट मात्र उचललं नाही.

नेमके तेव्हाच अमीनसाहेब गाडी घेऊन हजर! त्यांना खबर गेल्ती की टेंभुर्णीत परवानगीशिवाय जलसा भरलाय.

"किस चीज का जलसा है?"

"जलसा न्हाई साहेब," पाटील म्हणाले, "जावयाचं जेवण हाय."

नवरदेवानं धावत जाऊन अमीनसाहेबांचे पाय धरले. "हुजूर, मुझे गिरफ्तार करो!"

"जुर्म क्या है?"

मग त्यानं सांगितला. एक एक करून नऊ. कुणाला किती वेळा विकलं, कुठं विकलं, सगळं. अमीनसाहेब आधी उभे राहून ऐकत होते, मग खाली बसले. वकीलसाहेबांनी कागद पुढं केला, नवरदेवानं न वाचता अंगठा दिला. वर विचारलं, "हवालात में खाना कितने टाइम देते, हुजूर?"

"एक टाइम. ज्वारी की रोटी."

"एक ही टाइम? पक्का?"

आणि तो आपणहून गाडीत चढून बसला.

लोक हसायला लागले. खंडू तर ओट्यावर लोळत होता. चंद्री आईच्या खांद्याला टेकून उभी होती. गाडीवाला बैलांना हाक मारणार, तेवढ्यात गर्दीतून वाट काढत पारूची आई आली. तेहतीसच्या तेहतीस अनारशांचं ताट तसंच दोन्ही हातांत. ती गाडीत चढली आणि नवरदेवाच्या पुढ्यात बसली.

अमीनसाहेब म्हणाले, "ए बाई, तू किधर?"

"जावयाला वाढायचं ऱ्हाऊन गेलं, साहेब."

अमीनसाहेबांनी एकदा त्या ताटाकडं पाहिलं. मग जरा सरकून बसले, आणि गाडीवाल्याला म्हणाले, "आहिस्ता चला."